सिस्टरबाईंची वसुली

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिले. त्याबद्दल माफी असावी.

आमच्या गावात लसीचा डबा खांद्याला अडकवून एक सिस्टर येत. त्यांचे नाव विचारायला मी लाजले. मी पोटुशी होते, अंगात रक्त कमी होते. सासूबाई मात्र त्यांना दारातूनच परत पाठवत, "आमच्या सुनेले काही झालं नाही."

एकदा हातपंपावर गाठून सिस्टरनी मला एसटीसाठी पन्नास रुपये उसने दिले. मी दवाखान्यात जाऊन गोळ्या आणल्या.

पुढच्या फेरीला त्या आमच्या दारात उभ्या राहून गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडल्या, "काकू, तुमच्या सुनेकडं माहे पैसे हायेत!"

सासूबाईंना उधारीची भारी लाज. "हळू बोला ना बाई, अंदर या!" म्हणत त्यांनी चहा टाकला. सिस्टरनी बशीत फुंकर मारत चहा प्यायला, माझी पापणी खाली ओढून पाहिली, गोळ्या तपासल्या आणि फक्त दहा रुपये घेतले.

"सगळेच घ्या की!" सासूबाई म्हणाल्या.

"मंग पुढच्या बारीले कायले येऊ मी?"

अशी वसुली चालू राहिली. मुलगी झाली, धडधाकट. आता शेवटचे दहा रुपये राहिले, तर सासूबाईच म्हणू लागल्या, "सुटे नाहीत बाई, पुढच्या खेपेले या. चहा घ्या."

शेवटी सिस्टरची बदली झाली. त्या दिवशी माझ्या मुलीने डुलत डुलत जाऊन दहाची नोट त्यांच्या हातात दिली आणि आमची उधारी पुरती फिटली. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.