जहाज कुठं चालतं

ते जहाज खरं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत सांगायला घेतली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक हसू येतं आणि ते मला या वयातही सहन होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाकडाचं एक अवाढव्य विमान बांधायला घेतलं होतं. ते पाण्यावर तरंगणार, पाण्यावरूनच उडणार आणि साडेसातशे सैनिक पोटात घेऊन समुद्र ओलांडणार, असा बेत होता. आज ते संग्रहालयात ठेवलेलं आहे. लोक तिकीट काढून त्याच्या पंखाखाली उभे राहतात, तोंडात बोट घालतात. घालोत बापडे. माझ्या वडिलांनी तीच गोष्ट सांगितली तेव्हा त्यांची भर वर्गात टिंगल झाली.

आमचं गाव निजामाच्या मुलखातलं, बाजार मानवतचा. वडील सुतार, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे उर्दू घडाघडा वाचायचे आणि मराठी मात्र एकेक अक्षर लावत. मानवतच्या एका हॉटेलात हैदराबादचं उर्दू अखबार यायचं. बाजारच्या दिवशी दादा ते मोठ्यानं वाचायचे आणि आजूबाजूची माणसं चहा थंड होईपर्यंत ऐकत बसायची. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या हिवाळ्यात त्यांनी तिथंच या जहाजाची बातमी वाचली. मी तेव्हा फार लहान होते. पण पुढं ती गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली की मला ती तोंडपाठ झाली.

समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या खालून येऊन मालाची जहाजं बुडवत होत्या, म्हणून वरून उडून जाणारं जहाज हवं होतं. धातूची टंचाई, म्हणून लाकूड घेतलं. पातळ पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, दाबून त्याचं अंग तयार केलं. इथं आलं की दादांचा आवाज चढायचा. "खिळ्यावर न्हाई, चिकटवणीवर उभं केलंय! आपल्याला साधी चौकट खिळ्याबिगर जमंना!" तयार होईतो लढाईच संपली. मग जो तो विचारायला लागला, हे लाकडाचं धूड कशाला बांधलं, सरकारचा पैसा कुठं घातला. ते बांधणाऱ्या कारखान्याच्या मालकाला चौकशीपुढं उभं केलं. त्या गड्यानं काय करावं? पाण्यावर नुसतं चालवून बघतो म्हणाला आणि चालवता चालवता उचललंच. मिनिटभर उडालं असेल नसेल. पुन्हा कधी उडालं नाही. पण उडालं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. आमच्याकडं विमानाला जहाजच म्हणायचे. मूळ शब्द हवाई जहाज. त्यातलं हवाई कधीतरी गळून गेलं आणि नुसतं जहाज उरलं. समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता. गोदावरीत चालायच्या त्या नावा. त्यामुळं जहाज म्हटलं की आमची मान आपोआप वर जायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढं राज्यांची फेररचना झाली आणि आमचा मुलूखच मुंबई राज्यात गेला. शाळेत हस्तव्यवसाय आला आणि दादांना मुलांना सुतारकाम शिकवायला घेतलं. नेमणूक हंगामी होती. तरी घराला केवढा आधार! गावात त्यांना कुणी मिस्त्री म्हणेना, सगळे गुरुजी म्हणायला लागले. आईचं दुसऱ्याच्या रानात तण निंदायला जाणं सुटलं. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी चांगला शेरा दिला की दादा कायम होणार होते. न दिला तर घरी. आई त्या दिवसाकडं डोळे लावून बसली होती.

साहेब आले. पुण्याकडचे, परीटघडीचे, बोलणं छापल्यासारखं शुद्ध. आमच्या वर्गात त्यांनी सोपा म्हणून प्रश्न टाकला, "जहाज कुठे चालते?"

सगळा वर्ग ओरडला, "आभाळात!"

साहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. आम्ही आणखी जोरात ओरडलो. साहेबांनी कपाळावर हात मारला. आमचे वर्गगुरुजी खाली बघायला लागले. शब्द आमचा होता, तो बरोबर होता, एवढं त्यांना सांगता आलं नाही.

दादा बाहेर ओसरीवर मुलांकडून पाट घडवून घेत होते. ते दारात आले. "पोरं चुकली न्हाईत साहेब. आमी इमानालाच जहाज म्हणतो. आन पाण्यातलं म्हणाल तर तेबी उडलेलं हाय. लाकडाचं होतं. लय मोठं."

"लाकडाचं?" साहेबांना मजा वाटायला लागली. "कोणत्या पुराणात वाचलंत?"

"पुराणात न्हाई. अखबारात. उर्दू अखबारात."

"उर्दू!" साहेब बरोबर आलेल्या हेडमास्तरांकडं वळले. "मग बरोबर आहे." आणि दोघं हसले. काय बरोबर होतं त्यात? हैदराबादच्या राज्यात जन्मलेल्या माणसानं हैदराबादच्या राज्याची भाषा वाचली, हा गुन्हा झाला? कालपर्यंत ज्याच्याकडं सगळा बाजार कागद वाचून घ्यायला यायचा, तो राज्य बदलल्याबरोबर अडाणी ठरला. मला तेव्हा हे शब्दांत मांडता येत नव्हतं.

"आणि लाकूड कोणतं हो?" साहेबांनी विचारलं.

"सागवान," दादा म्हणाले.

"अमेरिकेत सागवान!" मग मात्र हसण्याला धरबंद राहिला नाही. दादा इथं चुकले, मान्य. ते लाकूड थंड मुलखात होणाऱ्या बर्च नावाच्या झाडाचं होतं. पण सुताराच्या मनात एवढा भार सोसणारं लाकूड म्हणजे सागवानच येणार. एका लाकडाचं नाव चुकलं म्हणून सगळं जहाज खोटं पाडलं त्यांनी. त्या अमेरिकेतल्या मालकाकडं चौकशीवाल्यांना गप्प करायला निदान जहाज तरी होतं. माझ्या बापाकडं काय होतं?

संध्याकाळी हेडमास्तरांनी दादांना बोलावून निरोप दिला. साहेब कायमचा शेरा द्यायला तयार आहेत. फक्त पोरांच्या डोक्यात भरलेलं खूळ तुम्हीच वर्गात उभं राहून काढायचं. साहेब उद्या दुपारपर्यंत गावात आहेत.

दादा घरी येऊन जेवले नाहीत. "खरं हाय ते. डोळ्यानं वाचलंय म्या," एवढंच म्हणत राहिले. आई शेवटी वैतागली. "आसंल खरं. जहाजावर आपलं घर चालायलंय का? म्हणून टाका आन मोकळे व्हा." आईवर मी पुष्कळ दिवस रागावले होते. आता नाही. उन्हात पाठ तिची भाजायची, साहेबाची नाही.

सकाळी दादा वर्गात आले. धुतलेला सदरा घातला होता. हेडमास्तर दाराशी उभे.

"पोरांनो, जहाज पाण्यात चालतं. आभाळात चालतं त्याला इमान म्हणायचं."

"विमान," हेडमास्तर म्हणाले.

"विमान."

"आणि लाकडाचं?"

"लाकडाचं उडत न्हाई."

"म्हणवून घ्या त्यांच्याकडून."

"जहाज कुठं चालतं?" दादांनी विचारलं. वर्ग एका सुरात ओरडला, "पाण्यात!" मी ओठ घट्ट मिटून बसले होते. हेडमास्तरांनी बोट केलं. "ती बोलली नाही. तुमचीच ना?"

दादा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "म्हण."

"पर तुमीच सांगितलं व्हतं, दादा."

"मी खोटं बोललो व्हतो," माझे वडील माझ्याकडं न बघता म्हणाले. "म्हण आता."

"पाण्यात," मी म्हणाले. हेडमास्तर शाबास म्हणाले, आणि दादा कायम झाले.