पडद्याची मागची बाजू

चित्रपट संग्रहालयात जत्रेतल्या तंबू सिनेमाचा एक जुना पडदा आहे. ठिगळं लावलेला, कडांना पिवळा पडलेला. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. मी मात्र तो भिंतीला लावलेला पाहून हिरमुसलो.

आमच्या जत्रेत पुरुष पडद्यासमोर बसायचे आणि बायका पडद्यामागे. कापडातून पलीकडे उमटेल तेवढा सिनेमा त्यांचा. आईने तरुणपणी सगळे सिनेमे असे उलटे पाहिले. पुढे त्यातलाच एक टीव्हीवर लागला, तेव्हा ती नायकाकडे बघतच राहिली. म्हणाली, "हा तो नव्हे. तो डावखुरा होता."

घरभर हशा पिकला. ती उठून स्वयंपाकघरात गेली, ती सिनेमा संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. इतकी वर्षं मनात जपलेला माणूस आम्ही एका क्षणात खोटा ठरवला होता. तो कसा दिसायचा, हे तिला विचारायचं राहूनच गेलं. आता आई नाही.

पडदा आणि भिंत यांच्यात बोटभर फट होती. मी वाकून तिच्यातून डोकावू लागलो, तसा रखवालदार जवळ आला.

"साहेब, जे काही आहे ते पुढंच आहे," तो म्हणाला. "मागं काही नाही."