तिसऱ्या रांगेत नीराबाई

कल्पिता चाळके बोर्ली पंचतनला नऊ वर्षं भाड्याची गाडी चालवते. सात माणसांची, तीन रांगांची, रस्त्यावर दर दहा मिनिटांनी दिसते तसलीच. सकाळी शिक्षकांना म्हसळ्याला सोडायचं, दुपारी कुणाला श्रीवर्धनच्या दवाखान्यात न्यायचं, शनिवार-रविवार दिवेआगरचे पाहुणे फिरवायचे. नवरा गेला तेव्हा ‘गाडी विकून टाक’ म्हणणारे पुष्कळ होते. आता त्यातला एकही तोंड उघडत नाही, कारण प्रत्येकाची आई नाहीतर बायको कधी ना कधी तिच्याच गाडीतून दवाखान्यात गेलेली आहे.

दीपेश तिच्या आळीतला, शाळेत एकाच वर्गातला. पनवेलला ट्रकच्या धंद्यात वर आला. त्याचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. पण तो गावात यायचा तो भेटायला नव्हे, दाखवायला. गेल्या माघात त्याने परदेशी कंपनीची गाडी आणली. तीही तीन रांगांचीच, पण काळी आणि एवढी लांब, की ती वळेपर्यंत बाजारातल्या भाजीवाल्या बायका टोपल्या उचलून उभ्या.

“तुझ्यासारखीच आहे बघ, सात सीटर,” तो कल्पिताला म्हणाला. “फक्त तुझ्या डब्यात माणसं कोंबतात, हिच्यात बसतात.”

मग त्याने एकेक बटण दाबून दाखवलं. छत काचेचं. मधल्या सीटा बसणाऱ्याची पाठ चोळून देत. सगळीकडे पांढरं चामडं. आळीतली माणसं वा वा करत होती आणि दीपेश प्रत्येक ‘वा’ला मान डोलवत होता, जणू गाडी त्यानेच घडवली होती. कल्पिताने मागच्या रांगेत डोकावून पाहिलं. तिच्या गाडीची मागची सीटही काही पलंग नव्हे. पण इथे गुडघे हनुवटीला लागले असते.

“इथं कोण बसणार?”

“बसेल कुणीतरी,” दीपेश म्हणाला.

तो कुणीतरी म्हणजे त्याची आई, हे चारच दिवसांत कळलं. नव्या गाडीतून पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जायचं ठरलं. बरोबर भावकी होती, तिच्यासाठी कल्पिताची गाडी सांगितली. नीराबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उजवा गुडघा धरलेला. त्या सवयीने कल्पिताच्या गाडीकडे आल्या आणि पुढच्या दाराला हात घातला.

“आई, तिकडे कुठे?” दीपेश ओरडला. “मुलाने एवढी गाडी आणली आणि आई भाड्याच्या गाडीत? लोक काय म्हणतील?”

त्याच्या गाडीत पुढे त्याची बायको मृणाली बसली. मधल्या दोन सीटांवर दोन मुली. त्यांना मागे मळमळतं म्हणे. नीराबाईंना तिसऱ्या रांगेत चढवलं, मधली सीट बटणावर सरकत मागे आली आणि त्या दिसेनाशा झाल्या.

“काकी, माझ्याकडे चला ना,” कल्पिता काचेपाशी जाऊन म्हणाली.

“ऱ्हाऊ दे गो. कुठं लांब जायचं हाय?”

कल्पिता आपल्या गाडीकडे वळली. आईला सामानाच्या जागी बसवून लोकांची काळजी करणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

म्हसळा मागे पडलं आणि घाटात काळी गाडी एकाएकी बाजूला थांबली. कल्पिताने मागे गाडी लावली. दीपेश उघड्या दारात वाकून बटण दाबत होता. मधली एकही सीट जागची हलत नव्हती. नीराबाईंना उतरायचं होतं. म्हसळ्यापासून त्या सांगत होत्या, पण गाणी एवढी मोठ्याने लागलेली, की ऐकणार कोण!

“सेन्सरचा प्रॉब्लेम आहे. कंपनीला फोन लावलाय,” दीपेश म्हणाला. फोनमधली बाई त्याला इंग्रजीसाठी एक आणि हिंदीसाठी दोन दाबायला सांगत होती आणि तो दाबत होता.

कल्पिताच्या गाडीत खालचा पट्टा ओढला, की मधली सीट धाडकन पुढे पडते. इथे ओढायला पट्टाच नव्हता.

“फोन ठेव. डिकी उघड,” ती म्हणाली.

“डिकीत सामान आहे.”

“मग काढ. आई आत हाय ना तुझी?”

बॅगा, नारळाचं पोतं, सगळं रस्त्याकडेला आलं. तिसऱ्या रांगेतली रिकामी सीट आडवी करून कल्पिता डिकीतून आत शिरली.

“चप्पल काढ! चामडं आहे ते!”

तिने चप्पल काढली नाही. नीराबाई मान खाली घालून, लुगड्याचा घोळ दोन्ही मुठींत धरून बसल्या होत्या.

“थांबलं न्हाय गो मला,” त्या पुटपुटल्या. “पोरींना कळू देऊ नको.”

कल्पिताने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. बाजूला पाण्याची लिटरभराची बाटली होती. तिने झाकण काढलं आणि अख्खी बाटली नीराबाईंच्या मांडीवर, सीटवर, खालच्या गालिच्यावर उपडी केली.

“अगं बाई! सांडलं सगळं पाणी!” ती मोठ्याने म्हणाली.

“अक्कल आहे का तुला?” दीपेश किंचाळला. “कधी बसलीस का असल्या गाडीत? माहितीये का काय असतं ते?”

“न्हाय. चुकलं माझं,” कल्पिता म्हणाली आणि नीराबाईंना काखेत धरून मागच्या बाजूने हळूच बाहेर घेऊ लागली. मृणाली पुढच्या सीटवरून वळून ‘सावकाश हं’ म्हणाली. उतरली मात्र नाही. मुलींच्या कानांत हेडफोन होते.

भावकीतल्या दोघी बायकांनी रस्त्याकडेला चादर धरली. नीराबाईंनी दर्शनासाठी आणलेलं नवं लुगडं तिथेच नेसलं. मग दीपेशकडे न बघता त्या कल्पिताच्या गाडीत पुढे जाऊन बसल्या. तो टॉवेल घेऊन सीट टिपत होता. आईला बरं वाटतंय का, हे त्याने पालीपर्यंत विचारलं नाही.

पुढे दीपेशने गावभर सांगितलं, की कल्पिताने जळफळाटाने त्याची गाडी खराब केली. दिवेआगरच्या ज्या हॉटेलात त्याची भागी होती, तिथली भाडी तिला बंद झाली. आळीतले लोक विचारत, “खरंच मुद्दाम ओतलंस?”

“हात सुटला,” ती एवढंच म्हणे.

एकदा नीराबाईच दीपेशला खरं काय ते सांगायला निघाल्या होत्या. कल्पिताने त्यांना थांबवलं. “काकी, त्याला सांगून काय होणार? तो पुन्हा सीटच पुसंल.”

त्यावर नीराबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. चैत्रात दीपेश पुन्हा आला आणि आईला म्हणाला, “चल, हरिहरेश्वरला नेतो.” तेव्हा त्या ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. “तूच जाऊन ये,” त्या म्हणाल्या आणि सुपातला पुढचा खडा शोधू लागल्या.