भिंतीवरचा वैशाख

माझे वडील चिखलीच्या दिवाणी कोर्टात कारकून होते, आणि घरीही ते कारकूनच असत. कुठे जायचं निघालं की आधी कागद, मग दौत, मग टाक, आणि मग आम्हां सगळ्यांना गप्प बसण्याचा हुकूम. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लोक म्हणतात, बाई, गेलेल्या माणसावर काय रागवायचं, सोडून द्या. मी नाही सोडत. ज्यांना सोडायचं असेल त्यांनी आपापल्या बापाचं सोडावं.

आईचं माहेर कोकणातलं, आणि तेही समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. तिचे काका आमच्याकडे शाळेत मास्तर होते, त्यांनी हे स्थळ जमवलं. लग्न झालं तेही इकडेच. त्यानंतर अकरा वर्षं ती माहेरी गेली नव्हती. अकरा वर्षांत समुद्र नाही, नारळ नाही, आणि तिच्या बोलण्याला शेजारच्या बाया हसणार ते वेगळंच. आमच्या भिंतीला लागून एका पिंजाऱ्याचं घर होतं. त्याच्या बायकोला आम्ही मुलं खाला म्हणत असू. आईनं तिला पहिल्यांदा सांगितलं की माझं माहेर बेटावर आहे, तेव्हा खाला घाबरलीच. आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. “बेटात कोन राह्यते वो बाई? तिथं तं साप राह्यते,” असं ती म्हणाली होती. आईनं परातीत पाणी घेऊन मध्ये वाटी पालथी घातली आणि तिला बेट दाखवलं. तेव्हापासून खालाला त्या वाटीवरच्या माणसांची फार काळजी वाटायची.

अकरा वर्षं जाणं झालं नाही, कारण समुद्र आणि कोर्ट यांचं कधी जमलं नाही. मुंबईहून सुटणारी आगबोट पावसाळ्याआधी बंद व्हायची, ती नारळी पौर्णिमा झाल्यावर सुरू व्हायची. मधले दिवस बेटावरची माणसं बेटावर आणि बाकीचं जग बाकीच्या जगात. इकडे कोर्टाच्या सुट्ट्यांची यादी नागपूरकडून यायची, आणि नागपूरला समुद्राशी काय देणंघेणं. मे महिन्यात सुट्टी लागायची तोवर बोटीचे थोडेच दिवस उरायचे. तेवढ्यात पोचायचं, राहायचं आणि शेवटच्या बोटीआधी परत फिरायचं. एक दिवस चुकला तर पावसाळाभर तिकडे अडकायचं, आणि वडिलांची नोकरी इकडे. म्हणून दरवर्षी कागद निघायचा. चिखलीहून मलकापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, मलकापूरहून रेल्वे, मुंबईहून आगबोट, आणि बोट बेटासमोर थांबली की होडीतून धक्क्यावर. सगळं सुरेख अक्षरात लिहून झालं की वडील कागदाकडे पाहून मान हलवायचे आणि म्हणायचे, “यंदा नाही जमत.” आई “बरं” म्हणायची.

मी दहा वर्षांची असताना, अक्षय तृतीयेला दोन दिवस राहिले होते तेव्हा, बेटावरून आजोबांचं, आईच्या वडिलांचं, कार्ड आलं. अक्षर एवढं मोठं की कार्डावर चारच ओळी मावल्या होत्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे. शेवटची बोट वैशाख वद्य दशमीची. नजर तोवर पुरेल, पावसाळ्यानंतरचं सांगवत नाही. मुलीला घेऊन ये, तोंड पाहीन.

मुलगी म्हणजे मी. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

आईनं ते कार्ड तीनदा वाचलं आणि पदराला हात पुसत वडिलांसमोर येऊन उभी राहिली. एरवी ती काही मागायची नाही. त्या दिवशी म्हणाली, “यंदा जायचंच.” त्या वर्षी जमण्यासारखंही होतं. सुट्टी लवकर लागणार होती आणि वैशाख उशिरा आला होता. वडिलांनीही कागद काढला. खाला कसल्याशा कामानं आली होती, ती दारातच बसली. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, तोंडावर आलेली, गल्लीतल्या लेकीबाळी माहेरी येऊ लागल्या होत्या, झाडाला झोके बांधून झाले होते. खाला आईला म्हणाली, “तुम्हीबी जाऊन या वो बाई यंदा. बापाले भेटून या.”

आमच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. मलकापूरच्या एका मारवाडी आडत्यानं ते वडिलांना दिलं होतं. वर लक्ष्मीचं चित्र, खाली मोठ्या आकड्यांत इंग्रजी तारखा आणि तारखेखाली बारीक अक्षरात तिथी. वडिलांना त्याचा केवढा अभिमान. कोर्ट इंग्रजी तारखांवर चालतं, पंचांगावर नाही, असं ते येईल त्याला सांगायचे. पंचांग घरात ठेवलंच नव्हतं. सणवार जोशीबुवा सांगून जायचे, तेही वडील कोर्टात असताना.

“इकडे ये. वैशाख वद्य दशमी कोन्या तारखेले आहे, वाच बरं,” वडील मला म्हणाले. मला वाचण्याची हौस भारी. मी स्टुलावर चढले आणि बोट फिरवत गेले. वैशाख कृष्ण दशमी सापडली. एप्रिलमध्ये होती. होऊन दिवस उलटले होते. मी तारीख खणखणीत आवाजात वाचली.

“गेली नं मंग,” वडील म्हणाले. “बोट बंद झाली. बुढ्यानं पत्रच उशिरा टाकलं.” आणि त्यांनी टाक पुसला.

आई म्हणाली, “असं कसं होईल? अक्षय तृतीया अजून व्हायची आहे. शुद्ध पक्ष झाल्यावर वद्य येतो. वैशाखातली संकष्टीसुद्धा अजून मी धरलेली नाही.”

इथे वडील थांबले. हे मी विसरू शकत नाही. टाक त्यांच्या हातात होता आणि ते थांबले. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग आईकडे, मग दारातल्या खालाकडे. मराठी माणसाला शुद्ध आधी की वद्य आधी हे सांगावं लागतं का? त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं आहे. एक शब्द बोलायचा होता, थांब, पुन्हा पाहतो. पण एकदा बोलून गेले होते, आणि तेही शेजारणीसमोर.

“छापलेलं खोटं राह्यते काय?” ते म्हणाले. “तुले काय समजते त्यातलं?”

आईनं जोशीबुवांना विचारून येते म्हटलं. “कोर्टातला मानूस भटाले तारीख विचारीन?” आई म्हणाली, मग नुसतं मुंबईपर्यंत तरी जाऊन पाहू. त्यावर ते हसले. “अन् बोट बंद राह्यली तं? धक्क्यावर बसून समुद्र पाह्यत राहायचं काय?” मग माझ्याकडे वळून “शाब्बास, साफ वाचलं,” म्हणाले आणि मला खडीसाखरेचा खडा दिला. मी तो खाल्ला. त्या खड्याची मला अजून किळस येते.

सुट्टी लागली. वडिलांच्या चुलतभावाचं लग्न उंद्रीला होतं, आणि तिकडे जायचं आधीपासून त्यांच्या मनात होतं असं मला आता वाटतं. बैलगाडीनं आम्ही उंद्रीला गेलो. आठ दिवस आमरस, पंगती, आहेर, मानपान. वडील मांडवात लोडाला टेकून लोकांना सांगत होते, यंदा समुद्रावर जायचा बेत होता, पण बोट बंद. लोक म्हणत, वा वा, समुद्र. आई चुलीपुढे पुरणपोळ्या लाटत होती. कुणीतरी तिला विचारलं की माहेरी नाही का गेलात, तर ती म्हणाली, बोट बंद आहे. तिला माहीत होतं की बंद नाही. मला तेव्हा तिचाही राग आला होता, आणि अजूनही थोडा येतो. तिनं एकटीनं मोटारीत बसायला हवं होतं. पण एकटी बाई, हातात दमडी नाही, आणि अकरा वर्षं “बरं” म्हणायची सवय.

आषाढात दुसरं कार्ड आलं, पावसाची उघडीप पाहून कुणा कोळ्यानं होडीतून किनाऱ्यावर पोचवलेलं. अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं, बारीक आणि सरळ, आणि ते पाहूनच आईचा चेहरा उतरला. तिनं ते वडिलांसमोर मोठ्यानं वाचलं. शेवटची बोट दशमीला गेली. त्या बोटीपर्यंत वाट पाहिली. आता नजर राहिली नाही, हे शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतो आहे. तुम्ही का आला नाहीत ते कळवावं, जीवाला घोर लागला आहे.

“बुढ्यानं पहिल्या पत्रात तिथी चुकीची लिवली असंन,” वडील म्हणाले आणि पगडी चढवून कोर्टात गेले. दोन्ही कार्डांवर तीच तिथी होती. आईनं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्याकडे बघत बसली.

उलगडा खालानं केला. ती दुपारी आली, तर आई कॅलेंडरासमोर उभी होती. सगळं ऐकून खाला म्हणाली, “हे मारवाड्याचं आहे नं वो? त्याईचा महिना पुनवेले सरते, आपला अमोशाले सरते. त्याईचा वद्य पह्यले येते, मंग शुद्ध. म्हनून त्याईचा वैशाख वद्य आपल्यापरीस महिनाभर आधी येऊन जाते. आमचे हे त्याईच्या गाद्या भरून देतात, तं मले हे पाठ आहे. सगळ्या बाजाराले ठाऊक आहे.” मग ती हळूच म्हणाली, “साहेबाले नसंन का ठाऊक?”

 मी स्टुलावर चढले आणि ते कॅलेंडर ओरबाडून खाली काढलं. लक्ष्मीसकट फाडलं. संध्याकाळी वडिलांनी मला त्यासाठी मारलं, लक्ष्मी फाडली म्हणून. बिचाऱ्या कॅलेंडराचा काही दोष नव्हता. ज्यांच्यासाठी छापलं त्यांच्या घरी ते बिनचूकच होतं.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. कागदावर वडिलांनी लिहिलं होतं तशीच मोटार, तशीच रेल्वे, तशीच बोट, सगळं अगदी वेळेवर. त्याचं त्यांना कोण कौतुक. होडी धक्क्याला लागली तेव्हा आजोबा तिथे उभे होते, काठी घेऊन, आणि तोंड भलतीकडेच. आईनं हाक मारली तशी त्यांनी मान फिरवली. ती त्यांच्या पाया पडली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

घरी ओटीवर चहा झाला. आजोबांनी काही विचारलं नाही. जावयाला जाब कोण विचारतो? विषय वडिलांनीच काढला, न विचारता. “काय करता, मामंजी,” ते म्हणाले. आजोबांशी बोलताना ते शुद्ध बोलायचे. “निघायची सगळी तयारी झाली होती. पण यंदा बोट लवकर बंद झाली.”

त्या ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला बोट कधी बंद झाली ते ठाऊक होतं. दोन शेजारी होते, त्यांनी खाली पाहिलं. आई आत जाण्यासाठी उठली होती, ती उंबऱ्यात थांबली. मला वाटलं, आता आजोबा बोलतील. बोलावंच, असं मी मनात म्हणत होते.

“हो, जावईबापू,” आजोबा म्हणाले. “यंदा लवकरच बंद झाली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आजोबा हात धुवायला उठले, तशी मीही त्यांच्या मागे परसात गेले. ते विहिरीच्या कठड्याशी हात धूत होते. मी त्यांचा ओला हात धरला आणि म्हणाले, “आजोबा, बोट बंद नव्हती. कॅलेंडर मी वाचलं होतं. ते आमचं नव्हतंच. आईला ठाऊक होतं, तिनं सांगितलं होतं, पण बाबांनी ऐकलं नाही.”

ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. बोटं गार होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं त्यांना लागलं असणार, कारण त्यांनी ते अंगठ्यानं पुसलं.

“ठाऊक आहे गो मला,” ते म्हणाले. “दशमीपर्यंत मी रोज धक्क्यावर होतो. बोटीतनं उतरला त्या प्रत्येकाचं तोंड पाहिलंय मी.”

ओटीवर वडील दुसरा चहा मागत होते.