दाजींच्या गाडीतला पिवळा दिवा

आमच्या थोरल्या दाजींइतका मनापासून घाबरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. पालमहून लग्नाला निघाले की ताडकळस येईपर्यंत त्यांना गॅस चालू राहिल्याची खात्री पटायची, आणि भरल्या एसटीतून अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, उतरवून ते घरी परत न्यायचे. गॅस बंदच असायचा. मोबाईल चार्जिंगला लावला की पुरता भरेस्तोवर ते शेजारी बसून राहत, मधूनमधून हात लावून तापला का बघत.

अशा माणसानं निवृत्तीनंतर जुनी मोटार घेतली. काटा चाळीसच्या वर गेला की ते स्वतःलाच "हळू, हळू" म्हणत. गेल्या हिवाळ्यात त्यांची तक्रार सुरू झाली, की दिवे मंद आहेत, दिवेलागणीला रस्ता दिसत नाही. परभणीला जाऊन त्यांनी एलईडी बसवून आणले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन.

"पाव्हणे, गाडी म्हणायली समोरचा दिवा गेला. दिवा तर जळायलाय. आता खरं कुणाचं धरावं?"

मी पालमला गेलो. दोन्ही दिवे लख्ख होते, पण काट्यांशेजारी बल्बचं पिवळं चिन्ह काही हटत नव्हतं. बघून झाल्याबरोबर दाजींनी बॅटरीची वायर काढली. गाडी त्यांनी घरापासून लांब लिंबाखाली लावली होती, शेजारी वाळूची बादली. "आत कुठंतरी वायर जळायली असंल," ते कुजबुजले.

दुपारी आम्ही परभणीच्या वायरिंगवाल्याकडे गेलो. "जुना बल्ब करंट जास्त घ्यायचा," तो म्हणाला, "ह्यो लय कमी घेतोय. म्हणून गाडीला वाटायलंय बल्बच उडाला. दोन्हीकडं रेझिस्टर लावतो, ते जादा करंट खातंय, चिन्ह जाईल. फक्त ते तापतंय."

"तापतंय म्हंजे किती?"

"हात लावू नका, एवढं."

दाजी स्टूल ओढून गाडीशेजारीच बसले. प्लास्टिकपासून लांब, लोखंडी पट्टीवर रेझिस्टर आवळलेला त्यांनी चार वेळा वाकून पाहिला, तेव्हा कुठे गाडीत बसले. चिन्ह विझलं होतं.

परतताना दिवस मावळला. ताडकळसच्या पुढे रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. आमच्या दिव्यांत ती मला लांबूनच दिसली. दाजी तसेच जात राहिले. मी हँडब्रेक ओढला. गाडी ट्रॉलीपासून दोन हातांवर थांबली.

दाजींनी चावी फिरवून गाडी बंद केली.

"दोन्ही डोळ्यांनी वरीस झालं धुकं दिसायलंय, उजव्यानं जास्तच," ते शेवटी म्हणाले. "वाटलं, दिवे बदलले की जाईल. अक्काला बोलू नका. डोळ्याला सुई लावत्यात म्हणं."

पुढे गाडी मी चालवली, आणि अक्काला सगळं सांगितलं. मोतीबिंदूच निघाला. ऑपरेशनच्या दिवशी आत जाईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अक्का समोर उभी होती. दाजी तिच्याकडे एकटक बघत राहिले.

"केस लय पांढरे झाले की गं तुझे," ते हळूच म्हणाले. "मला कळलंच न्हाई."

अक्कानं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.