कप्पीची कुरकुर

चष्मा शोधायला चष्मा लागतो, हे मला माशांच्या टाकीत चष्मा पाडल्यावर कळलं.

झालं असं की, टाकीच्या काठावर लाइटची लांब पट्टी ठेवलेली होती आणि तिला उंची हवी म्हणून मी दोन्ही टोकांखाली विटा रचल्या होत्या. एका हातानं पट्टी उचलून धरायची, दुसऱ्या हातानं विटा काढायच्या आणि पट्टी अलगद खाली टेकवायची, असा माझा बेत. दोन्ही हात गुंतलेले असताना नाकावरून घसरणारा चष्मा कुठल्या हातानं सावरायचा, हे काही त्या बेतात नव्हतं. चष्मा पाण्यात गेला. मी बाही वर न करता खांद्यापर्यंत हात घातला आणि गाल नेमका तापलेल्या पट्टीला टेकवला.

"काय पडलं रे?" समोरच्या खुर्चीतून आईनं विचारलं.

"काही नाही, आई."

"केशरी बिचकला बघ."

केशरी म्हणजे त्या टाकीतला तळहाताएवढा गोल्डफिश. बाकीचे मासे बारके, त्यांना नावं नव्हती. आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून आली, तिनं माझा ओला शर्ट पाहिला, गाल पाहिला, आत जाऊन चिमटा आणला आणि चष्मा बाहेर काढून माझ्या हातात दिला.

"शाळेत हेच शिकवता का तुमी?" एवढं म्हणून ती पोळी उलटायला परत गेली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हिंगोलीतल्या कितीतरी लेकरांनी माझ्याकडून कप्पी, तरफ आणि उतरण शिकली आहे. फळ्यावर माझी कप्पी कधी अडकली नाही, कारण मी शेजारी लिहून टाकतो, घर्षण नगण्य मानू.

आता एवढी मोठी टाकी आमच्या बैठकीत आली कशी, ते सांगायला हवं. आईला काचबिंदू झाला. जन्मभर वाकळी शिवलेली बाई. कुठल्या चिंधीशेजारी कुठली चिंधी शोभेल हे तिला विचारायला गल्लीतल्या बाया यायच्या. तिची नजर कडेकडेनं मिटत आली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की, गेलेली नजर येत नाही, उरलेली राखायची. त्या दिवसापासून मी उरलेलं राखायच्या मागे लागलो. थेंब, गोळ्या, घरभर मोठे दिवे. आईच्या समोर रंगीत काहीतरी धरायचं आणि विचारायचं, "हे दिसतं का?" ती कधी हो म्हणायची, कधी गप्प बसायची. ती गप्प बसली की मला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मग पावसाळ्यात एकदा वाशिमहून लग्न उरकून येताना आम्ही कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. ढाब्याच्या गल्ल्यामागं ही टाकी होती, वर झगझगीत लाइट. आईनं चहाची बशी खाली ठेवली आणि बोट केलं.

"ते केशरी काय फिरून राहिलं तिथं?"

मी आणि बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. कित्येक दिवसांत तिनं आपणहून काही दाखवलं नव्हतं.

ढाबेवाला टाकी काढून टाकायलाच बसला होता. म्हणाला, "न्या सर. गिऱ्हाईक मासा पाहून मासा मागतं, अन् आपला ढाबा शाकाहारी." दुसऱ्याच दिवशी टेम्पो करून मी ती घरी आणली. बैठकीची एक भिंत टाकीनं खाल्ली. सोफा अंगणात गेला. पाहुण्यांना आम्ही कॉटवर बसवू लागलो.

टाकीबरोबर तो लाइटही आला होता, आणि सगळी फजिती तिथून सुरू झाली. पट्टी पाण्याला टेकून ठेवली की टाकी उजळायची आणि आईला केशरी दिसायचा. पण तशीच ठेवली तर पाणी तापायचं, मासे दगडाआड दडून बसायचे आणि आठवड्याभरात काचेवर हिरवं शेवाळ धरायचं. पट्टी उंच ठेवली तर मासे खुशाल फिरायचे, पण आई म्हणायची, "आज जरा धुरकट दिसून राहिलं." धुरकट हा शब्द ऐकला की मी लगेच पट्टी खाली घ्यायचो. म्हणजे आई बसेल तेव्हा लाइट खाली, ती उठली की वर, अशी सोय हवी होती. विटांची सोय तुम्ही वाचलीच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी ठरवलं, छताला टांगून खालीवर होणारा रॅक करायचा. छताला लेकीच्या पाळण्याच्या दोन कड्या होत्याच. लेक सासरी गेली तरी कड्या राहिल्या होत्या. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट केली, तिला खालून लाइट आवळला, कड्यांना एकेक कप्पी लावली आणि दोन दोऱ्या कप्प्यांवरून खिडकीच्या गजापर्यंत आणल्या. वहीत आकृती सुरेख आली होती.

पहिल्या दिवशी दोरी ओढली तर एक टोक वर गेलं आणि दुसरं जागेवर. रॅक लंगड्या बैलासारखा उभा. दोन्ही दोऱ्या एका लोखंडी कड्यात बांधल्या, तर दोन्ही टोकं वर गेली पण मध्येच अडकली. दोरी जाड होती. बारीक दोरी आणली, ती हाताला कापायची. गजाला मारलेली गाठ सुटायची आणि सुटली नाही तर मग मुळीच सुटायची नाही, दातानं सोडवावी लागायची. औंढ्याच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान आहे, त्याच्याकडून गजाला अडकवायचा एक आकडा करून आणला. त्यानं विचारलं, "सर, कशाला पाहिजे?" मी म्हटलं, "माशांसाठी." त्यानं गळाएवढा आकडा करून ठेवला होता. पुन्हा मोठा करून घेतला.

हसू येतं आता, पण तेव्हा येत नव्हतं. शाळेतून आलो की चपला काढायच्या आधी मी स्टुलावर चढायचो. कारण मधल्या काळात आई कपाटाच्या दाराला धडकली होती, आणि एकदा रिकाम्या ताटात घास शोधत बसली होती. आपण रॅक करायला उशीर केला तर दाखवायला नजरच उरणार नाही, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. रॅक झाला की नजर थांबेल, अशी काहीतरी खुळी सोयरीक मी त्या दोन गोष्टींची लावून टाकली होती. लेकरांना मी अशा विचारासाठी गुण दिले नसते.

शेवटी रॅक चालू लागला. आकड्यातून कडं काढायचं, दोरी हळूहळू ढिली करायची आणि लाइट खाली यायचा. फक्त डावी कप्पी कुरकुरायची. जुन्या दारासारखी लांबलचक कुर्र. मला त्याची लाज वाटायची. शिवणयंत्राचं तेल मी खिडकीत आणून ठेवलं होतं, पण स्टुलावर चढून तेल घालायचं रोज राहून जायचं.

रोज दुपारी शाळा सुटली की मी लाइट खाली घ्यायचो. कुरकुर सुरू झाली की आई खुर्चीत सरळ व्हायची आणि पदर सारखा करायची, जणू फोटो काढायचा आहे. मग माझी परीक्षा सुरू.

"दिसतो का, आई?"

"दिसतो की. पंपाकडं बसलाय."

"आता?"

"आता वर आला. खायला मागून राहिला."

उत्तरं बराबर असायची. बायको मधून मधून धुणं घेऊन जाता येता काहीबाही बडबडायची. आज केशरी रुसून पंपाकडं बसलाय, आता आला वर, काय हावरट मासा बाई. माझ्या परीक्षेत ही मध्ये मध्ये काहून बोलते म्हणून मी वैतागायचो. एकदा तसं बोललोही. ती म्हणाली, "माझ्या घरात मी बोलू पण नको का?"

ती दुपार वैशाखातली. ऊन फार म्हणून खिडक्यांना ओली पोती बांधलेली, खोलीत जवळजवळ अंधार. आई खुर्चीत. आदल्या दिवशी ती दोनदा धुरकट म्हणाली होती, म्हणून मी ठरवलं होतं की लाइट आणखी खाली आणायचा, पाण्याला अगदी टेकेल इतका. त्यासाठी एकानं टाकीजवळ उभं राहून चौकट धरायला हवी आणि दुसऱ्यानं दोरी सांभाळायला. मी बायकोला हाक मारली. ती कणकेचे हात धुऊन आली. दोरी तिच्या हातात दिली, मी टाकीजवळ गेलो आणि म्हणालो, "सोड."

इथं एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. मी नळाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. माझ्या लेखी सोड म्हणजे थोडी थोडी ढील दे. बायको शिरड शहापूरची. तिथं तिनं लहानपणी विहिरीवर पाणी ओढलंय, आणि विहिरीवर पोहरा सोड म्हणजे हात मोकळा कर, जाऊ दे खाली धाडकन, तो पाण्यात बुडाला पाहिजे.

तिनं हात मोकळा केला.

कुर्र असा आवाजसुद्धा धड झाला नाही. चौकट माझ्या बोटांना खरचटून लाइटासकट पाण्यात गेली. पाणी माझ्या छातीवर, भिंतीवर, आईच्या पायांवर आलं. लाइटसाठी मी वेगळा बोर्ड घेतला होता, पाणी लागलं की आपोआप बंद पडणारा. या सगळ्या खटाटोपात तेवढंच एक शहाणपण मी केलं होतं. खट्कन वीज गेली. टाकी काळी झाली. कुलर चालूच होता, पंपाचे बुडबुडे चालूच होते, कारण ते दुसऱ्या बोर्डावर. बायको दोरीशी तशीच उभी. मी तोंड उघडलं, आता हिला काय बोलू अन् काय नको असं झालेलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "आला ना दिवा खाली? आज केशरी लई उड्या मारून राहिला. आता कसं लख्ख दिसतं बघ."

तिनं पदर सारखा केला होता. पायांवरचं पाणी तसंच. चेहरा टाकीकडं, हसरा. मी त्या अंधाऱ्या काचेकडं पाहिलं. मला तिथं काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"व्हय ना रे?" ती म्हणाली.

"हो आई," मी म्हणालो. "लख्ख दिसतं."

बायकोनं आईचे पाय पुसले, तिला हाताला धरून आत निजवलं. मी बुडालेली चौकट बाहेर काढली. मासे धड होते. केशरी दगडाआडून बाहेर यायला तयार नव्हता. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्टुलावर चढून कप्प्या काढायला लागलो. स्क्रूची खाच सापडत नव्हती.

बायको सासूला आत्याबाई म्हणते. ती परत आली आणि स्टूल धरून उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" मी वरूनच विचारलं.

"दिवाळीपासून. त्याआधी खरंच दिसत होतं त्यांना."

"अन् बोलली नाहीस."

"आत्याबाईंनी शपथ घातली. म्हणल्या, पोरगं लई आशेनं दिवा खालीवर करून राहिलं, तू येता जाता सांगत जा मासा कुठं हाये ते."

एक स्क्रू निघाला तो हातातून सुटला आणि टाकीत पडला. टुबुक आवाज झाला. तिनं पाहिलं, पण चिमटा आणायला गेली नाही.

"आता हा सांगाडा कुणासाठी ठेवू?" मी म्हणालो.

"उतरा खाली," ती म्हणाली. खिडकीतली तेलाची बाटली तिनं उचलली आणि पदराखाली धरली. "नवी पट्टी आणा, लावा. उद्या दुपारी रोजच्यासारखं खाली घ्या. अन् त्या कप्पीला तेल घालू नका. ती कुरकुर ऐकली की आत्याबाई पदर सारखा करून बसतात."