इंजिन कुणाचं?

इंजिनकाकांना कुठलंही वाहन दाखवलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "इंजिन कुणाचं?" नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला आल्यावर मी हौसेनं नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन शेजारी निखिलकडे गेले. काका हे निखिलचे वडील. त्यांनी पेढा तोंडात टाकला, खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं. मी कंपनीचं नाव सांगितलं. "ते बॉनेटवर लिहिलंय. आत कुणाचं आहे?" मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी शोधून काढलं की आत भलत्याच कंपनीचं इंजिन आहे, आणि मुद्दाम दार वाजवून मला सांगितलं. माझ्या हौसेवर विरजण पडलं ते पडलंच.

काका बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होते. लढाऊ विमानासाठी देशी इंजिन करायचं, एवढं एकच काम. इंजिन झालं, चाचणीच्या खोलीत गरजलं, पण ज्या विमानासाठी केलं त्यात ते कधी बसलं नाही. विमान परदेशी इंजिनावर उडालं आणि काका निवृत्त होऊन पुण्याला परतले. काकू गेल्यावर ते दरवर्षी सप्टेंबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे येऊ लागले, म्हणजे दिवाळी नातीबरोबर होई. नातीला मराठी समजे, पण ती उत्तर डचमध्ये देई. काकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. "तिच्यापर्यंत पोचतंय ना, मग झालं," म्हणत.

आमच्याकडे विमानांचा आवाज कुणी ऐकत नाही. स्किपोल विमानतळ इतका जवळ की तो असतोच. काका मात्र गॅलरीत स्वेटर घालून बसत आणि डोळे मिटून कुठलं इंजिन चाललंय ते सांगत. मी सुरुवातीला फोनवर पडताळून पाहायची. ते एकदाही चुकले नाहीत, तेव्हा मी पडताळणं सोडलं, आणि खरं सांगायचं तर ऐकणंही सोडलं. माणूस एकाच विषयावर किती बोलणार? गाडीत ते इंजिनावर आले की मी हळूच रेडिओ लावत असे. त्यांना ते कळत असे. ते खिडकीबाहेर बघत राहत.

त्यांचं ऐकणारा एकच माणूस होता, आमचा तुर्की भाजीवाला यूसुफ. काका कोथिंबीर आणायला जात आणि दीड तासानं येत. यूसुफ त्यांना 'अमजा' म्हणे, म्हणजे काकाच. दोघांचं इंग्रजी मोडकं, विषय मात्र पक्का: तुर्कस्तान स्वतःची इंजिनं करायला निघालाय, त्याचं काय झालं? त्यांच्या रणगाड्याला जर्मन इंजिन मिळेना म्हणून कोरियाहून आणलं, ही बातमी काकांनी घरचं लग्न मोडल्यासारखी सांगितली. हेलिकॉप्टर मात्र त्यांनी स्वतःच्या इंजिनावर उडवलं, तेव्हा मधुमेह बाजूला ठेवून काकांनी यूसुफच्या दुकानात दोन बकलावा खाल्ले. निखिल चिडला, "बाबा, त्यांच्या इंजिनाचं तुम्हाला काय?" काका म्हणाले, "आपल्यासारखंच कुणीतरी पास होतंय, ते बघू दे की मला."

नंतर तुर्कस्तानचं लढाऊ विमान उडालं. काका तेव्हा पुण्यात होते. यूसुफनं व्हिडिओ त्यांच्यासाठी जपून ठेवला आणि ते आल्या-आल्या दुकानात सगळ्यांसमोर दाखवला. मीही होते. काकांनी पूर्ण पाहिला, फोन परत दिला आणि विचारलं, "इंजिन कुणाचं?" यूसुफचा चेहरा उतरला. अमेरिकेचं, पण सध्यापुरतं, असं तो म्हणाला. मला काकांचा राग आला. बाहेर पडल्यावर मी म्हटलंही, की त्याच्या आनंदात मिठाचा खडा टाकायची काय गरज होती. काकांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "हे 'सध्यापुरतं' माझ्या ओळखीचं आहे गं. मी त्यातच म्हातारा झालो." पुढे त्या अमेरिकन इंजिनांचा परवानाही अडकल्याची बातमी आली. ती मात्र काकांनी दुकानात काढली नाही.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. बुधवारी माझी सुट्टी असते, त्यामुळे काकांना हेगला वकिलातीत नेण्याचं काम माझ्याकडे आलं. इस्त्रीचा शर्ट, फायलीत फॉर्म. तिथे बसून तो भरताना ते डाव्या हाताचा आडोसा करत, शाळेत शेजारच्यानं बघू नये म्हणून करतात तसा. मला हसू येई आणि मी आपली फोन बघत बसे.

गेल्या वर्षी अशाच एका बुधवारी हेगहून येताना आम्ही यूसुफच्या दुकानात थांबलो. त्याचा पुतण्या एमरे सुट्टीला आला होता. तिकडे तुर्कस्तानात इंजिनाच्या कारखान्यात नोकरीला, वय तिशीचं, डोळ्यांखाली काळं. चहा पिता-पिता यूसुफनं अभिमानानं विचारलं, आपलं इंजिन कधी? एमरेनं चहात साखर ढवळली. मग ग्लासाकडे बघत म्हणाला, पाती तडकतात. दर वेळी त्याच जागी. तीन वर्षं झाली. जास्त काही सांगता येत नाही.

लोखंड पाणी होईल अशा आगीत इंजिनातली ही बोटाएवढी पाती फिरत असतात, एवढं काकांमुळे मलाही माहीत होतं. काकांचा ग्लास ओठांपाशी थांबला होता. आता हे तासभर बोलणार, असं धरून मी गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली. त्यांनी ग्लास खाली ठेवला, एमरेच्या पाठीवर हात ठेवला आणि वेळेवर जेवत जा, एवढंच सांगून उठले.

गाडीत त्या दिवशी मी रेडिओ लावला नाही. बरंच पुढे गेल्यावर ते आपणहून म्हणाले, "कशानं तडकतात ते मला माहीत आहे. अकरा वर्षं त्यातच गेली माझी."

"मग सांगायचं होतंत की त्याला."

"सही केली आहे. कुणाला सांगणार नाही म्हणून."

"काका, तुमचा तो प्रकल्प कधीच गुंडाळला."

"प्रकल्प गुंडाळला. शपथ कुठे गुंडाळतात?"

मग निदान आपल्या लोकांना तरी सांगा, मी म्हटलं. ते हसले. "विचारायला हवं ना कुणी. ऑफिस वर्षातून एकदा विचारतं, मी जिवंत आहे का. तेवढं सांगून आलो आत्ता." त्यांच्या मांडीवर ती फाईल होती. मी हीटर वाढवला.

डिसेंबरात स्किपोलला त्यांना मीच सोडलं. एप्रिलमध्ये ते पुण्यात गेले, झोपेतच. निखिल जाऊन सगळं उरकून आला, मृत्यूचा दाखलाही ऑफिसला पाठवला. यूसुफनं मला विचारलं, अमजा भारतात नक्की काय करत होते? इतक्या वर्षांत त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. तो त्यांना गॅरेजवाले समजत होता. मी म्हटलं, हो, इंजिनाचंच काम होतं.

या नोव्हेंबरात ऑफिसचा फॉर्म पुन्हा आला. त्यांच्याकडे काका अजून जिवंत होते. काय उत्तर लिहायचं ते बघायला निखिल छापील फॉर्म आणि काकांची जुनी फाईल घेऊन माझ्याकडे आला. फाईलमध्ये प्रत्येक वर्षाच्या दाखल्याची प्रत लावलेली होती. प्रत्येकीवर सहीच्या खाली, मोकळ्या जागेत, बारीक सुबक अक्षरात इंग्रजीत एकच मजकूर होता: पात्यांच्या तड्याबद्दल काही सांगायचं आहे, कुणाला तरी पाठवावं, नाहीतर मी स्वतः येईन. नऊ वर्षं. शेवटच्या प्रतीवर पुढे दोन शब्द जास्त होते, 'लवकर पाठवावं'. हा कागद पेन्शनच्या कारकुनाकडे जातो हे काकांना कळत नव्हतं असं नाही. पण प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीही त्याच फाईलमध्ये होत्या, आणि उत्तर एकाचंही नव्हतं. ऑफिस न चुकता उघडून वाचत होतं तो हा एकच कागद. आणि काका त्यावर हे लिहीत असताना मी शेजारी बसून फोन बघत होते.

निखिलनं फाईल मिटून बाजूला ठेवली. मग मी यंदाचा फॉर्म पुढे ओढला, नावासमोर 'मयत' लिहिलं, तारीख घातली. खाली मोकळी जागा होती. पेन तिथे टेकवून बसले, पण लिहिणार काय? ती पाती कुठे तडकतात आणि कशानं, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.